अल्पसंख्याकांनी समाजात मिसळायचं म्हणजे स्वतःची संस्कृती सोडायची का?

नाही. मिसळणं वेगळं, विरघळणं वेगळं. कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून स्वीकारलं आणि १९८८ मध्ये त्याचा कायदाच केला. फ्रान्सचा सूर उलटा: २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हं घालायला बंदी.

मला विचाराल तर सिंगापूरचं उदाहरण जास्त बोलकं आहे. तिथे १९८९ पासून सरकारने बांधून विकलेल्या वसाहतींत इमारतीगणिक वांशिक कोटा (कोणत्या वंशाच्या लोकांची जास्तीत जास्त किती घरं, ही मर्यादा) आहे, म्हणजे एकगठ्ठा वस्त्या होत नाहीत. शेजार आपोआप मिश्र. पण गोम अशी, की चिनी कोटा भरलेल्या इमारतीतल्या भारतीय किंवा मलय मालकाला चिनी वंशाच्या माणसाला घर विकता येत नाही. (आणि तिथे बहुसंख्य चिनीच!) गिऱ्हाइकं कमी, त्यामुळे कधीकधी भावही पाडून द्यावा लागतो.