षट्कोनी पत्र्यावरचे पोलिश उमराव स्त्रीचे तैलचित्र : आकार असा का आणि नजर अशी का?

पोलंडमधील संग्रहालयात आपण एका उमराव स्त्रीचे धातूच्या षट्कोनी पत्र्यावर रंगवलेले तैलचित्र पाहिलेत आणि त्याचा आकार असा विचित्र का, तिची नजर इतकी रोखलेली का, असे विचारले आहे. आपल्या वर्णनावरून ते शवपेटीवर लावण्याचे चित्र असावे, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. पोलिश-लिथुएनियन राज्यातील उमरावांमध्ये ही प्रथा सतराव्या आणि अठराव्या शतकांत विशेष रुजली होती.

आकाराचे कारण अगदी व्यावहारिक आहे. त्या काळच्या शवपेटीचे झाकण दोन्ही बाजूंनी उतरते असे, त्यामुळे पेटीची आखूड बाजू षट्कोनी किंवा अष्टकोनी दिसे. चित्र तिथेच, मृताच्या डोक्याकडच्या टोकाला बसवायचे असल्याने कथलाचा किंवा तांब्याचा पत्रा त्याच मापाने कापला जाई. असे चित्र जवळून पाहिले, तर पुष्कळदा कडेला खिळ्यांची लहान छिद्रे दिसतात. पेटीच्या दुसऱ्या टोकाला मृताची माहिती कोरलेली पाटी आणि लांब बाजूंवर घराण्यांची कुलचिन्हे लावत.

नजरेचा उलगडाही यातूनच होतो. अंत्यविधीची तयारी कधीकधी कित्येक आठवडे, प्रसंगी महिनोन्महिने चाले, आणि अखेर चर्चमध्ये उंच सजवलेल्या चौथऱ्यावर पेटी ठेवली की चित्रातील चेहरा थेट जमलेल्या लोकांकडे पाही. आपल्याच अंत्यविधीला ती स्त्री जणू स्वतः हजर असे. म्हणूनच डोळे उघडे आणि समोर रोखलेले असतात. मिटलेल्या डोळ्यांनी चित्राचा हेतूच साधला नसता.

मला ही चित्रे राजवाड्यांतल्या देखण्या व्यक्तिचित्रांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतात. तिला आयुष्यभर पाहिलेली माणसेच समोर उभी राहणार असल्याने चेहरा ओळखू येणे सर्वांत महत्त्वाचे होते, आणि म्हणून बहुधा नाव न नोंदवलेले स्थानिक चित्रकार सुरकुत्या, ओघळलेले गाल, जाड हनुवटी हे सारे बिनदिक्कत रंगवत. शरीररचनेत आणि छायाप्रकाशात ते पुष्कळदा कच्चे असतात, हे खरे. पण चेहऱ्यावरचा करारीपणा त्यांनी फार नेमका पकडला आहे. प्रौढ स्त्रियांच्या चित्रांत डोके आणि हनुवटी झाकणारे पांढरे वस्त्र बरेचदा आढळते. आपण पाहिलेल्या चित्रात ते असेल, तर ती विवाहित किंवा विधवा असण्याचा संभव अधिक.

दफनापूर्वी किंवा विधी आटोपल्यावर ही चित्रे काढून चर्चच्या भिंतीवर लावत, म्हणूनच पेट्या मातीआड गेल्या तरी त्यांतील बरीच चित्रे टिकली. आपल्याला आणखी पाहायची असतील, तर पश्चिम पोलंडमधील मिएंजीझेच येथील संग्रहालयाला अवश्य भेट द्यावी. तिथला संग्रह फार मोठा आहे आणि एकाच दालनात इतके चेहरे आपल्याकडे पाहत असताना ही प्रथा जशी समजते, तशी छापील चित्रांवरून समजत नाही.