वंशावळीतल्या पाच लेकी

प्रश्न : आमच्या गावच्या चर्चमध्ये बायबलातली वंशावळ वाचताना सलाफहादाच्या पाच मुलींची नावं आली. बाकी सगळे बाप-लेक. मग याच मुली कशा?
– एक भगिनी, दारव्हा तालुका

उत्तर : वावरापायी, ताई! इस्राएल लोकांच्या मनश्शे वंशातला सलाफहाद पोटी मुलगा नसताना वारला. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा या लेकी थेट इस्राएलांचा पुढारी मोशे याच्यापुढे उभ्या राहिल्या, बापाचा हिस्सा मागितला नि मिळवला (बायबलातलं 'गणना' पुस्तक, अध्याय 27). पुढे अध्याय 36 मध्ये भाऊबंदांनी पाचर मारलीच : लग्न वंशातच करा, नाहीतर जमीन बाहेर जाईल. झाली ती चुलतभावांशी.

खरी गंमत वेगळीच. 1910 मध्ये शोमरोनच्या, म्हणजे इस्राएलच्या जुन्या राजधानीच्या, उत्खननात शाईनं लिहिलेली खापरं निघाली, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली. द्राक्षारस आणि तेल कुठून आलं याच्या नोंदी. त्यांत नोआ नि होग्ला ही चक्क मुलखाची नावं! म्हणजे या 'मुली' बहुधा त्या मुलखांतली घराणी असाव्यात.

आमच्याकडे भाट यायचा, ओसरीत बसून लाल कापडातली वंशावळीची वही सोडायचा. तीत माझ्या तीन आत्यांपैकी एकीचंही नाव नाही. सातबाऱ्यावर मात्र तिघी आहेत; त्यांच्या सह्यांसाठी मी उन्हाळाभर एसटीनं फिरलो.