वाचकांचे प्रश्न : जेवढे ठाऊक, तेवढेच बोलावे

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून आमच्या डोंबिवलीतील गृहनिर्माण संस्थेत खजिनदार म्हणून माझी नुकतीच निवड झाली आहे. जुने दप्तर ताब्यात घेताना बाहेरील रंगकामाची तीन व्हाउचरे अशी आढळली, की ज्यांना ना बिल जोडलेले आहे, ना कोटेशन. ठेकेदाराची सही मात्र आहे. त्या वेळचे सचिव माझे शेजारी आहेत आणि माझ्या पत्नीच्या आजारपणात रात्री-अपरात्री सर्वांत आधी तेच धावून येत असत. ही गोष्ट मी समितीच्या बैठकीत काढली आणि ती लगेच साऱ्या इमारतीत पसरली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोन तट पडले असून ‘खजिनदारांनाच पुढच्या कामात कमिशन हवे आहे’ असेही एकाने लिहिले. मुलगा म्हणतो, ‘बाबा, राजीनामा द्या आणि मोकळे व्हा.’ वार्षिक सभा जवळ आली आहे. गप्प बसलो तर अप्रामाणिक ठरेन आणि बोललो तर कृतघ्न, असे झाले आहे. शिवाय सभेत माझा तोल सुटेल, ही भीती वेगळीच.

उत्तर : तुमच्या पत्रात एक गोष्ट अत्यंत नेमकी आहे : तीन व्हाउचरे आहेत आणि त्यांना बिले जोडलेली नाहीत. तुम्हाला एवढेच ठाऊक आहे. बिले गहाळ झाली असतील, ठेकेदाराने पक्के बिल दिलेच नसेल, किंवा पैशांचा खरोखरच गैरवापर झाला असेल. यांपैकी काय घडले हे आज तुम्हाला ठाऊक नाही, आणि ग्रुपवर तावातावाने लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही ते ठाऊक नाही. गप्प बसणे आणि आरोप करणे एवढेच दोन मार्ग तुम्हाला दिसत आहेत, कारण इमारतीने तुमच्यासाठी तेवढेच शिल्लक ठेवले आहेत. जेवढे ठाऊक आहे तेवढे पूर्ण सांगायचे आणि त्यापलीकडे एक शब्दही बोलायचा नाही, हा तिसरा मार्ग मला खऱ्या अर्थाने प्रामाणिक वाटतो आणि तोच सर्वांत कठीण आहे.

हेतू शुद्ध असला की पुरावा आपोआप शुद्ध होतो, असे आपण फार सहज मानतो. टिळक आणि आगरकर यांच्या हेतूबद्दल कोणी शंका घेणार नाही. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत आहे या कळवळ्यानेच ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी कारभारी बर्वे यांच्यावर टीका केली होती. पण ज्या पत्रांच्या आधारे गंभीर आरोप झाले, ती पत्रे बनावट निघाली. ते कळल्यावर दोघांनी माफी मागितली, तरी खटला चाललाच, आणि १८८२ मध्ये चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा होऊन १०१ दिवस त्यांना डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. अन्यायाविरुद्ध लिहू नये, असा याचा अर्थ मी मुळीच काढत नाही. कागद हाती आला तेव्हा तो तपासण्याइतका अवधी त्यांच्या संतापाने त्यांना दिला नाही, एवढेच मला त्यात दिसते. तुम्ही तर आयुष्यभर बँकेत बसून सह्या पडताळल्या आहेत. हा अवधी स्वतःला कसा द्यायचा, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

प्रथम आपण माजी सचिवांकडे जाणार आहोत असे समितीला सांगा, म्हणजे ती चोरून केलेली तडजोड ठरणार नाही. आणि मग त्या तिन्ही व्हाउचरांच्या झेरॉक्स घेऊन त्यांच्या घरी जा. बिले कुठे असू शकतील आणि ठेकेदार कोण होता, हे त्यांना विचारा आणि अमुक तारखेनंतर हा विषय लेखापरीक्षकांकडे लेखी जाईल, हेही त्याच भेटीत सांगून टाका. पुढची वाट कायद्याने आखून दिलेली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८२ प्रमाणे लेखापरीक्षणात दाखवलेल्या दोषांचा खुलासा आणि त्यांची दुरुस्ती संस्थेला तीन महिन्यांत निबंधकांना कळवावी लागते, तर सभासदाला आपल्या व्यवहारांसंबंधीचे दप्तर पाहण्याचा हक्क आहे. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे विषयपत्रिकेत हा विषय आताच घालून घ्या. ऐन वेळच्या विषयांत तो आला, की माहितीपेक्षा आवाज मोठा होतो. सभेत तोंडी बोलू नका, लिहिलेले वाचा : व्हाउचरची तारीख, रक्कम, चेक क्रमांक, कोणता कागद नाही आणि माजी सचिवांनी काय उत्तर दिले. या निवेदनात एकही विशेषण नसावे.

आता कृतज्ञतेबद्दल. ते रात्री धावून आले, हे ऋण तुमचे आहे. रंगकामाचे पैसे मात्र साऱ्या सभासदांचे आहेत, आणि आपले ऋण दुसऱ्यांच्या पैशांतून फेडता येत नाही. म्हणून ते फेडताच येणार नाही असे मात्र नाही. सभेत कोणी त्यांना ‘चोर’ म्हणाले, तर तत्क्षणी उभे राहून ‘हे सिद्ध झालेले नाही, हा शब्द इतिवृत्तात येणार नाही’ असे तुम्ही म्हणा. ज्याने प्रश्न उपस्थित केला त्यानेच हे म्हणावे, याला जे वजन आहे ते दुसऱ्या कोणाच्या बोलण्याला येणार नाही. मित्र म्हणून आणि खजिनदार म्हणून तुम्हाला निरनिराळे वागावे लागेल, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला तसे वाटत नाही.

तोल सुटण्याची तुम्हाला भीती वाटते. माझे निरीक्षण असे आहे, की ठाऊक आहे त्यापेक्षा जास्त बोलून बसलेला माणूस लवकर चिडतो, कारण त्या जास्तीच्या बोलण्याचा बचाव करायला त्याच्याजवळ संतापाखेरीज काही नसते. तुमचे निवेदन कागदाइतकेच असेल तर बचाव करण्यासारखे फारसे उरणार नाही. तरीही अंगावर आलेले वाक्य झोंबतेच. अशा वेळी उत्तर देण्याआधी ते वाक्य जसेच्या तसे वहीत लिहून घ्या, मग अध्यक्षांची परवानगी घेऊन बोला. लिहिण्यात जो अवधी जातो तेवढ्यात आवाज खाली येतो. कमिशनच्या आरोपावर खुलासे देत बसू नका. पुढील कामाची कोटेशने सीलबंद मागवून सभासदांसमोर उघडावीत, असा ठराव तुम्हीच मांडा. ग्रुपवर मात्र काहीच लिहू नका, रात्री तर नाहीच. राजीनामा द्यायचा की नाही, हे सभा पार पडल्यावर ठरवा. आज दिलात, तर तीन कागदांचा प्रश्न तसाच राहील आणि त्यावर बोलणारा एकमेव जबाबदार माणूस निघून गेलेला असेल.

प्रश्न : माझे माहेर नाशिक जिल्ह्यात असून वडिलोपार्जित द्राक्षबाग आहे. वडील वारल्यानंतर भाऊ म्हणाला, ‘ताई, हक्कसोडपत्रावर सही करशील ना? तुला काय कमी आहे?’ मी फोनवर ‘हो’ म्हणून गेले. त्यानंतर मात्र मन धुमसते आहे. आई म्हणते, ‘मागशील तर माहेर तुटेल.’ आई-वडिलांचे सारे भावानेच केले, हेही मी नाकारत नाही. माझे हे वाटणे हावरटपणाचे आहे का?

उत्तर : नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. कायद्याने जे तुमचे आहे त्याची आठवण होणे, हा दोष नव्हे.

दोष असलाच तर तो फोनवरच्या त्या ‘हो’मध्ये आहे, आणि तो अजून दुरुस्त करता येतो. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दस्ताची एकदा नोंदणी झाली, की मागे फिरणे फार अवघड असते. नंतरच्या प्रत्येक भाऊबिजेला ओवाळताना मनात जे चालेल, ते भावाला कळणारही नाही आणि तुम्हाला ते सांगताही येणार नाही. आईला ज्याची भीती वाटते ते माहेराचे तुटणे अशा अबोल्यातून अधिक होते, असे मी अनेक घरांतून पाहिले आहे.

तेव्हा आधी स्वतःशीच स्पष्ट व्हा. तुम्हाला जमीन हवी आहे, तिचे मोल हवे आहे, की ‘हे ताईचे होते आणि तिने ते दिले’ एवढे भावाने मान्य करायला हवे आहे? पत्रावरून मला तिसरी गोष्ट अधिक जाणवली, पण ठरवायचे तुम्हीच. भावाच्या बाजूचा हिशेबही तितक्याच सचोटीने मांडा : वडिलांची इस्पितळे त्याने सांभाळली, अवकाळी पावसाने घड तडकले तेव्हा कर्जाचा हप्ता त्यानेच भरला असेल. हे सारे मोजूनही तुमचा हिस्सा कायद्याने तेवढाच राहतो. त्यातला किती मागायचा, हे मात्र बदलू शकते. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव राहू द्यावे आणि बाग भावाने कसावी, हीही एक व्यवस्था आहे.

बोलायची वेळ नीट निवडा. ऑक्टोबरच्या छाटणीत तो दिवसभर मजुरांमागे असतो, तेव्हा नको. वर्षश्राद्धाला सारे नातलग जमलेले असताना तर मुळीच नको, कारण माणसे जमली की भाऊ तुमच्याशी न बोलता त्यांच्याशी बोलू लागेल. आधी आईला सांगा, मग त्याला एकट्याला गाठून म्हणा : ‘मी फोनवर हो म्हणाले, पण ते मनापासून नव्हते. मला विचार करायला वेळ हवा आहे.’ तो चिडला तर त्याला चिडू द्या, त्या दिवशी निकाल लावायचा नाही. सही तेव्हाच करा, जेव्हा ती केल्यावर भावाकडून काहीही परत यायचे बाकी आहे असे तुम्हाला वाटणार नाही. आणि तो दिवस आला नाही, तर सही न करणे हेही तितकेच प्रामाणिक आहे.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. अर्धवट झालेली चाचणी ‘पूर्ण’ म्हणून क्लायंटला कळवावी, असे साहेबांनी सांगितले. नकार दिला तर उद्धट ठरतो.

उत्तर : ‘मी खोटे लिहिणार नाही’ असे म्हणू नका, त्यात समोरचा खोटारडा आहे, हे आधीच ठरवले जाते. कोणत्या चाचण्या झाल्या, कोणत्या राहिल्या आणि उरलेल्या कधी होतील, एवढे लिहिलेला मेलचा मसुदा साहेबांना द्या आणि ‘असे पाठवले तर चालेल का?’ असे विचारा. बहुधा त्यांच्यावरही वरून दडपण असते आणि वर दाखवायला त्यांना तारीख असलेले एक वाक्य हवे असते. ते तुम्ही तयार करून दिले, तर पुष्कळदा काम तेवढ्यावर भागते. तरीही त्यांनी ‘पूर्ण’ हाच शब्द धरून ठेवला, तर तसा लेखी निरोप द्यावा अशी विनंती करा आणि तो मेल तुमच्या नावाने जाऊ देऊ नका.