गुडघा, घोटा आणि ग्रुप

या महिन्याच्या टपालात दुखऱ्या पायांचीच गर्दी आहे. पावसाळा संपता संपता हे दरवर्षी होतं. पाडव्याला केलेले संकल्प तोवर सांध्यांत उतरलेले असतात. तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्या बाईंचा प्रश्न घोट्याचा नाहीच.

प्रश्न : ताई, मी ४७ वर्षांची, पुण्यात सहकारनगरला राहते, बँकेत काउंटरला बसते. सोसायटीतल्या आम्ही पाच जणी गुढीपाडव्यापासून रोज पहाटे पर्वती चढायला लागलो. एकमेकींना फोन करून उठवायचं, रविवारी माझ्या घरच्या काट्यावर वजन करायचं आणि आकडा ग्रुपवर टाकायचा, असं ठरलं होतं. मी ७८ वरून ७२ किलोंवर आले. श्रावणात ओल्या पायऱ्या उतरताना घसरले आणि उजवा घोटा मुरगळला. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी पट्टा दिला, विश्रांती सांगितली. त्याला आता दोन महिने होत आले. सूज गेली, पण उतारावर पायाचा भरवसा वाटत नाही आणि त्याला जपता जपता डावा गुडघा कुरकुरायला लागलाय. वजन पुन्हा ७५. ग्रुपवर रोज पर्वतीवरचे फोटो येतात, खाली ‘लवकर बरी हो गं’. मी ग्रुप म्यूट केलाय आणि काटा एका मैत्रिणीकडे देऊन टाकलाय. दिवाळी तोंडावर आहे. ग्रुप सोडावा आणि बरी झाल्यावर एकटीनेच सुरू करावं असं वाटतं. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ग्रुप सोडू नका. काटा मात्र परत मागू नका, तो मैत्रिणीकडेच बरा.

आधी घोटा. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं आपण धरून चालतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात तेव्हा पाय जमिनीवर कसा टेकलाय याची खबर मेंदूला देणारी यंत्रणाही बिघडते. उतारावर पायाचा भरवसा वाटत नाही, तो यामुळे. ती आपोआप सुधारेल म्हणून वाट पाहणारे पुन्हा त्याच पायावर मुरगळतात. तिला शिकवावं लागतं. कुकर लावलात की ओट्याला एक बोट टेकवून उजव्या पायावर उभ्या राहा. पहिल्या शिट्टीपर्यंत जमलं तरी पुष्कळ. आठवड्याभराने बोट काढा. त्यानंतर डोळे मिटून, पण तेव्हा हात ओट्याजवळच असू द्या. शिवाय ओटा धरून दोन्ही टाचा सावकाश उचलायच्या आणि त्याहून सावकाश खाली आणायच्या, दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. हे दुखलं तर थांबा, नुसतं ओढल्यासारखं वाटलं तर चालू ठेवा. महिन्याभरात फरक पडला नाही, किंवा पाय मध्येच लटपटून दगा देत असेल, तर फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा. पत्रातून मला तुमचा घोटा दाबून बघता येत नाही.

आता गुडघा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दम लागतो, म्हणून लोक चढण्याला वचकून असतात. गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना असते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत तुमचं सगळं वजन झेलतो आणि गुडघ्याची वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. तुमचा उजवा पाय कचरतो, त्यामुळे प्रत्येक पायरीवर डावाच वजन घेतोय. तो कुरकुरणार नाही तर काय! तेव्हा पर्वती सध्या बंद. सारसबागेत सपाटीवर चाला, आणि सकाळी अंथरुणातून उठण्याआधी गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. दोन्ही पायांनी करा, नुसत्या दुखऱ्या नाही.

वजन कमी करण्याचा गुडघ्याला होणारा फायदा मात्र ऐकून ठेवा. गुडघ्याची झीज झालेल्या माणसांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की शरीराचं वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. तुमचे तीन किलो अजून उतरलेलेच आहेत. म्हणजे पाडव्याच्या तुलनेत आजही प्रत्येक पावलाला बारा किलो भार कमी. पत्रात तुम्ही ‘वजन पुन्हा ७५’ लिहिलंत, ‘७८ वरून ७५’ असं नाही. हिशेब कुठून मांडायचा हे आपणच ठरवतो, आणि बायका बहुतेकदा तो स्वतःच्या विरुद्ध मांडतात.

चालणं थांबलं म्हणून वजन वाढलं, अशी तुमची समजूत दिसते. थोडं खरं आहे. सत्तर किलोंच्या बाईने तासभर बऱ्या वेगाने चालावं तेव्हा साधारण २५० कॅलरी खर्च होतात. पंधरा मिलिलिटरच्या मोठ्या चमच्याने दोन चमचे तेल म्हणजे जवळपास तेवढ्याच. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ घातलेली, एक ताटली खाल्ली की तास संपून वर उधारी. तुमचा अपघात श्रावणातला. घरी बसून काढलेले ते उपास, नंतरचे गणपती आणि मोदक, मग नवरात्र. पायाला पट्टा होता, जेवणाला नव्हता! मी टोमणा मारत नाहीये. पाय बांधलेला असतानाही वजन उतरवण्याचा मोठा भाग तुमच्या हातात होता आणि आजही आहे, एवढंच म्हणते. घरातल्या तेलाचा महिन्याचा हिशेब करून बघा. मी माणशी अर्धा लिटर धरते, त्यात दिवाळीचं तळणही आलं. ताटात डाळ, उसळ, पिठलं, अंडं, दही यांपैकी काहीतरी दोन्ही वेळेला हवंच, कारण पडून राहिल्याने स्नायू आधी झडतात आणि चरबी मागे राहते.

आता ग्रुप.

१९६१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाच्या गृहिणीने आपल्या सहा जाड मैत्रिणींना घरी बोलावलं. सरकारी दवाखान्यातून मिळालेला आहाराचा तक्ता तिच्याकडे होता, पण तो पाळला जात नव्हता. कपडे धुवायच्या टोपलीत लपवलेली बिस्किटं ती चोरून खायची, आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. तिने सांगितलं, तशा बाकीच्यांनीही आपापल्या लपवायच्या जागा सांगितल्या. त्या बैठकांतून १९६३ मध्ये ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी निघाली. कंपनी पुढे काय विकत होती ते जाऊ द्या. त्या पहिल्या बैठकीत बायका आपलं बिघडलेलं सांगायला जमल्या होत्या. तुमच्या ग्रुपवर फक्त पर्वतीवरचे फोटो आणि उतरलेले आकडे टाकायची सोय आहे. बिघडलं ते टाकायला जागाच नाही. मग ज्या दिवशी बिघडतं त्या दिवशी माणूस म्यूट करतो.

सोबतीचा उपयोग होतो का, तर होतो. रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री या संशोधकांनी १९९९ मध्ये छापलेल्या अभ्यासात काही जण एकटे आले होते, काही तीन ओळखीच्यांना घेऊन. एकट्याने येऊन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला; मैत्रांसह येऊन शिवाय एकमेकांना आधार द्यायचं शिक्षण घेतलेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी. उतरलेलं वजन पुढच्या सहा महिन्यांत पूर्ण टिकवलं ते पहिल्या गटातल्या २४ टक्क्यांनी आणि दुसऱ्यातल्या ६६ टक्क्यांनी. ‘आधार द्यायचं शिक्षण’ हे शब्द पुन्हा वाचा. मैत्रीण असणं आणि मैत्रिणीला आधार देता येणं, या दोन गोष्टी आहेत. ‘लवकर बरी हो गं’ हा आधार नव्हे, तो निरोप समारंभ आहे. त्यांनाही दुसरं काय लिहावं ते सुचत नसणार.

म्हणून तुम्हीच मागा, आणि नेमकं मागा. आज रात्री ग्रुपवर लिहा : ‘पर्वती मला सध्या जमणार नाही. पण बुधवारी आणि शनिवारी कुणीतरी एकीने माझ्याबरोबर सारसबागेत यावं. आणि रविवारी वजनाऐवजी प्रत्येकीने आठवड्यात काय बिघडलं ते एका ओळीत लिहावं. सुरुवात मी करते : चकलीची भाजणी दळून आणली आणि पहिला घाणा चाखायच्या नावाखाली सहा खाल्ल्या.’ चार जणींपैकी दोघी तरी सुस्कारा टाकतील बघा. पाडव्यापासून रोज पर्वती उतरणाऱ्या चार बायकांत एकीचाही गुडघा दुखत नसेल, यावर माझा विश्वास नाही. ती बोलत नाहीये एवढंच.

काटा मैत्रिणीकडेच ठेवा म्हटलं ते एवढ्यासाठी, की एका दिवसाचं वजन मिठावर, पाळीवर, आदल्या रात्रीच्या जेवणावर किलो-दीड किलो सहज हलतं. चारचौघींत दर आठवड्याला मोजून तुम्ही बहुतेक वेळा पाणीच मोजता. महिन्यातून एकदा तिच्याकडे जाऊन करा. एरवी ग्रुपवर हजेरी मोजा. ज्या दिवशी जिला जे करता येतं ते केलं, की हजर. अंथरुणात पडून पाय उचलला, तरी हजर.

प्रश्न : वय ६१. डोंबिवलीत आम्ही सहा मित्र रोज सकाळी भागशाळा मैदानावर फेऱ्या मारतो. दोन महिन्यांपासून डावी टाच दुखते. सकाळी पहिलं पाऊल टाकताना खिळा टोचल्यासारखं, मग चालता चालता कमी होतं. मित्र म्हणतात, चालून चालूनच मोकळी होईल. रविवारी फेऱ्यांनंतर मिसळ असते, ती सोडवत नाही. वजन जैसे थे.
— एक निवृत्त वाचक

उत्तर : मित्रांचं ऐकू नका, पण त्यांना सोडूही नका. पहिल्या पावलाला कळ आणि मग आराम हे तळव्याच्या पडद्याला सूज आल्याचं नेहमीचं लक्षण. फेऱ्या निम्म्या करा. घरात फरशीवर अनवाणी चालणं आजपासून बंद, मऊ तळाची चप्पल घाला. बायकोची जुनी स्लिपर नको, टाचेखाली दबलेली असते ती. पलंगावरून उतरण्याआधी टॉवेल चवड्यात अडकवून स्वतःकडे ओढा, पोटरी ताणली जाते. अर्धा मिनिट, तीनदा. संध्याकाळी पाण्याची प्लास्टिकची बाटली बर्फ करून तळव्याखाली फिरवा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर हे बर्फाचं करू नका. हे दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं, पण बहुतेकांचं शस्त्रक्रियेविना जातं. उरलेल्या वेळात मैदानाच्या कट्ट्यावर बसून हातांचे व्यायाम करा, पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या घेऊन. मित्र हसतील. हसू द्या, तेवढ्यात तुमची हजेरी लागते.

मिसळ सोडा असं मी डोंबिवलीकराला सांगणार नाही. तर्री वरून मागवू नका, पाव एकच, आणि फरसाण निम्मं. सहाही जणांनी तसंच मागवलं तर कुणाला त्याग केल्यासारखं वाटणार नाही.

प्रश्न : माझी पत्नी ३९ वर्षांची. साताऱ्यात तिच्या आठ मैत्रिणींनी वजनाची भिशी लावली आहे. दर महिन्याला प्रत्येकीने ५०० रुपये काढायचे, जिचं वजन सर्वांत जास्त उतरेल तिला सगळे. पत्नीला कमरेत गादी सरकल्याचा त्रास आहे, कळ पायापर्यंत येते. व्यायाम बंद असल्याने ती भिशीसाठी रात्री नुसतं सूप पिते आणि वजन करायच्या आदल्या दिवशी पाणीही तोडते. मी सांगितलं की भांडण होतं.
— एक वाचक, सातारा

उत्तर : वहिनींना हे पान वाचायला द्या, म्हणजे भांडण माझ्याशी होईल.

वहिनी, ही भिशी पुरुषांच्या जुगारापेक्षा वेगळी नाही; फरक एवढाच, की इथे पणाला तुमची कंबर लागली आहे. पाणी तोडून उतरतं ते पाणीच, संध्याकाळी परत येतं. उपाशी राहून जो स्नायू झडतो तो मात्र तसा परत येत नाही, आणि तुमच्या मणक्याला सध्या आधार आहे तो त्याच स्नायूंचा. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी भरपूर. भिशी मोडू नका, नियम बदला : महिनाभर ठरवलेलं जिने सर्वांत जास्त दिवस पाळलं तिला पैसे, मग ठरवलेलं चालणं असो, फिजिओथेरपीचे व्यायाम असोत की रात्री आठच्या आत जेवण. मैत्रिणी तयार झाल्या नाहीत तर या वर्षापुरते पैसे भरा, काट्यावर चढू नका आणि चहाला जा.

कमरेबद्दल एकच गोष्ट, ती दोघांनीही लक्षात ठेवा. कळ येणं हा रोजचा त्रास आहे, त्यावर वेळ आहे. पण पाऊल उचलेनासं झालं, मांड्यांच्या आतला आणि बसायचा भाग बधिर झाला, किंवा लघवी होईना किंवा कळेनाशी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठं इस्पितळ गाठा.