स्वस्त टेलिफोटो घेऊन रस्त्यावर उतरताना

रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायला ५५-२५० मिमीसारखी साधी टेलिफोटो झूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, हाताशी असेल तर नवी लेन्स घ्यायची घाई करू नकोस. तिची खरी अडचण उजेडाची आहे. २५० मिमीला अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही आणि क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) शटर किमान १/४०० सेकंद तरी हवं. स्टॅबिलायझेशन तुझा हात सावरतं, चालणारा माणूस नाही. म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६०० पर्यंत बिनधास्त जाऊ दे. फोटोत थोडा नॉइज, म्हणजे दाणे, चालतो, पण हललेला चेहरा परत मिळत नाही.

मी बहुतेक वेळा ८५ ते १३५ मिमीमध्येच राहतो. छत्रीखालची बाई आणि तिच्या मागे वीस पावलांवर टेकवलेली सायकल अगदी एकमेकींना चिकटल्यासारखी दिसतात. हे होतं ते तू लांब उभा असतोस म्हणून. अमेरिकन छायाचित्रकार सॉल लायटर यांनी लांब लेन्सने टिपलेलं न्यूयॉर्क जरूर बघ, विशेषतः ओल्या काचेआडची माणसं.

आणि हो, लपून काढू नकोस. कोपऱ्यावर उघड उभा राहा. कुणाची नजर पडली तर कॅमेरा खाली घेऊन हस. नको म्हणाले तर त्यांच्यासमोरच फोटो डिलीट कर.