सकाळी ठणठणीत, संध्याकाळी पाय वाकडा

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. सकाळी शाळेत जाताना एकदम नॉर्मल चालते, पण संध्याकाळी क्लासवरून येईपर्यंत डावा पाय आत वळतो, टाच टेकत नाही, जिना तर कठडा धरून चढते. झोपून उठली की परत ठीक! एमआरआय नॉर्मल आहे. एक डॉक्टर सौम्य सेरेब्रल पाल्सी म्हणाले, दुसरे म्हणाले नाटक करतेय. फिजिओ एकीकडे, बूट दुसरीकडे, कोणाचं कोणाला माहीत नाही. नक्की जायचं कुणाकडे? — एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे ‘झोपून उठली की परत ठीक’, आणि मला शंका आहे की फाईलमध्ये तेच कुठे लिहिलेलं नसणार. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे अगदी लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत राहिलेला दोष, अशी घड्याळ बघून येत-जात नाही. नाटकाचं तर सोडूनच द्या.

पत्रावरून निदान होत नाही, पण हे वाचून डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया, म्हणजे सेगावा डिसीज, डोक्यात यायलाच हवा (डिस्टोनिया म्हणजे स्नायू आपोआप आखडून हात-पाय वाकडे होणं). मुलींमध्ये जास्त दिसतो, सुरुवात बहुतेकदा पायापासून. मेंदूची रचना ठीक असते, डोपामाइन, म्हणजे हालचाल सांभाळणारं मेंदूतलं रसायन, तेवढं कमी बनतं, म्हणून एमआरआयमध्ये काही सापडत नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या औषधाच्या अगदी छोट्या डोसने अशी मुलं कधीकधी काही दिवसांतच धावायला लागतात (पार्किन्सनवाल्या आजोबांना देतात तीच गोळी, पण त्यांच्या स्ट्रिपमधून काढून देऊ नका, डोस डॉक्टरच ठरवतील). विल्सन डिसीज, म्हणजे शरीरात तांबं साठणं, तेही तपासायला सांगा, त्यासाठी रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी करतात.

तर आधी पेडिॲट्रिक न्यूरोलॉजिस्ट, शक्यतो डिस्टोनियाच्या केसेस नेहमी बघणारे. जाताना मोबाईलवर एकाच दिवसाचे दोन व्हिडिओ न्या, सकाळचा आणि संध्याकाळचा, पाय उघडे, समोरून आणि मागून चालताना. ओपीडी सकाळची असते, तिथे पोरगी सरळच चालून दाखवणार!

गोळीने फरक पडला नाही तर मग खरी टीम लागते आणि तिथेच आपल्याकडे सगळं अडतं. बघा ना, स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्स इंजेक्शनचा असर साधारण तीन महिने, स्नायू सैल असतात तेव्हाच स्ट्रेचिंग आणि स्प्लिंट व्हायला पाहिजे, पण फिजिओला इंजेक्शनची तारीखच कळलेली नसते, मग पैसे गेले आणि पाय तिथेच. अक्षर बिघडत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट, गिळायला-बोलायला त्रास असेल तर स्पीच थेरपिस्ट, काही निवडक केसेसमध्ये मेंदूत इलेक्ट्रोड बसवणारे न्यूरोसर्जन, हे सगळे लागतीलच असं नाही, पण प्लॅन एकच हवा आणि तो सांभाळणारा डॉक्टर एकच. पहिल्याच भेटीत विचारा, ‘बाकीच्यांशी कोण बोलणार?’

बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर, मुलांच्या अशा त्रासांसाठीचं सरकारी केंद्र) असतं, १८ वर्षांपर्यंत मोफत, बालरोगतज्ज्ञ आणि थेरपिस्ट एकाच छताखाली, तिथून मोठ्या हॉस्पिटलला रेफरही करतात. आणि शाळेत पीटीच्या सरांना आत्ताच सांगून ठेवा की दुपारनंतर तिला पळवू नका.