बेळगाव-निपाणी भागात तबला वाजवून आणि शिकवून घर चालतं का?

तुमचा मुलगा बारावीत आहे आणि पुढं तबलाच करणार म्हणतोय, त्यावर पोट भरतं का, असं विचारलंय तुम्ही. भरतं. पण सोलो वाजवून नव्हे, ठेका धरून, म्हणजे गाण्यामागं तालाचे ठरलेले बोल सतत वाजवत राहून. तीस वर्षं बेळगावात हेच करतोय, म्हणून लिहितो.

मी खानापूर तालुक्यातला. गावच्या पारायणात पखवाज वाजवायचो. धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक किती लावायची हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. नववीत बेळगावच्या शहापुरातल्या सरांकडं तबला सुरू केला. त्यांनी आठ महिने नुसता तीनताल वाजवून घेतला. कायदा, म्हणजे बोलांची विस्तार करत वाजवायची रचना, मागितला की म्हणायचे, "धा वाजला का आधी?" उजवं बोट चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, आणि डावं डग्ग्यावर एकाच क्षणी पडायला हवं, आणि मला पखवाजाच्या थापेची सवय, त्यामुळं डावा अख्खा पंजाच पडायचा. ती खोड जायला वर्ष गेलं.

सर कुमार गंधर्वांची रेकॉर्ड लावायचे. कुमारजींचा जन्म आपल्याच सुळेभावीतला, १९२४ सालचा, याचा त्यांना भारी अभिमान. पण आम्हाला ऐकायला लावायचे ते त्यांच्या साथीला असलेल्या वसंतराव आचरेकरांचा तबला. साधा, स्वच्छ ठेका, गाण्याच्या मधे कुठंच न येणारा. तेव्हा मला तो कंटाळवाणा वाटायचा. आज साथीला बोलावणी येतात ती तसल्याच ठेक्यामुळं.

पहिल्या कीर्तनाला नारळ, उपरणं आणि ५१ रुपये मिळाले होते. आता उत्पन्नाचा मोठा भाग क्लासचा. बाकी भजनी मंडळं, गायनाच्या क्लासला ठेका, मठात वचनगायनाची साथ, कधी नाट्यगीतांची मैफल. गणपतीपासून दिवाळीपर्यंत हाताला उसंत नसते. जून-जुलैत मात्र कार्यक्रमही नाहीत आणि इथल्या पावसात पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, इतकी सर्द होते की तबला सुराला चढतच नाही. मी तबला ठेवायच्या पेटीत साठचा बल्ब लावून ठेवतो, त्याच्या बिलावरून घरी बोलणी खातो. आणि तबल्याची जोड एकच असून भागत नाही, गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणं तबला बदलावा लागतो. काळी एक पट्टीला सव्वापाच इंची तोंडाचा चालतो, पण बायकांचं मंडळ काळी चारच्या खाली येत नाही, तिथं पाच इंचीच लागतो.

शाळेच्या नोकरीवर फार भिस्त ठेवू नका. एका शाळेनं मला वर्षभर बोलावलं, पण खरे तास झाले ते स्नेहसंमेलनाआधीचे पंधरा दिवस. पगारही तेवढ्याच दिवसांचा काढला.

शिकवण्यात मला मजा येते ती वेगळीच. माझ्याकडं निम्मी मुलं कन्नड घरातली. तीनतालाच्या सोळा मात्रा मराठी पोरं एक-दोन-तीन करत सहज मोजतात, दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीतही, चौदा-पंधरा-सोळा बसून जातं. कन्नड मुलांचं दहापर्यंत छान चालतं आणि मग अकरा, बारा, तेराला हन्नोंदु, हन्नेरडु, हदिमूरु! दुगुनीत तो शब्द तोंडातून निघेपर्यंत मात्रा पुढं गेलेली. कित्येक वर्षं मी त्यांना लयीत कच्चे समजून ओरडायचो. एकदा स्वतः कन्नडमधून मोजून बघितलं, तेव्हा अकराव्या मात्रेवर माझीच जीभ अडकली. तेव्हापासून सगळ्यांना ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असं चारच मोजायला लावतो, चार वेळा: टाळी, टाळी, खाली, टाळी. खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला करायची जागा, कुठं येते हे आता मराठी पोरांनाही जास्त पक्कं कळतं.

पालक मात्र तिसऱ्या महिन्यातच विचारतात, "सर, पोरगं स्टेजवर कधी वाजवायलाय?"

मुलाला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायला लावा. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात आहेत, पुढं अलंकार. क्लास काढताना पालक आधी विशारद आहे का तेवढंच बघतात. सोबत एखादी डिग्री करू दे.

त्याआधी एक करा. जवळच्या भजनी मंडळात त्याला दोन तास नुसता भजनी ठेका धरायला बसवा. मधे तिरकिटसारखे जलद बोल घालायचा मोह झाला तर हरकत नाही, तो सगळ्यांनाच होतो. पण घरी येताना वैतागलेला दिसला, तर डिग्रीचा फॉर्म आधी भरा.